मामिया सी-२२० कमअस्सल नाही

प्रति,
माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला. इंदूरच्या मराठी वाचकांसाठी या विषयावर कुणीतरी पानभर लिहितं, याचाच मला फार आनंद झाला. लाला दीनदयाळ यांची आठवण लेखकाने काढली तेही बरं केलं. १८६६ मध्ये ते इंदूरला सरकारी नोकरीत आले, फोटोग्राफीकडे वळले ते इथेच, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रयही त्यांना इथेच मिळाला, हे आजच्या मुलांना कुणी सांगत नाही. पण त्याच लेखातला मामिया या जपानी कंपनीच्या ट्विन लेन्स, म्हणजे एकावर एक दोन लेन्स असलेल्या, कॅमेऱ्यांबद्दलचा मजकूर एकांगी आहे, आणि दोन ठिकाणी तर सरळ चुकीचा आहे. जुना कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस असा लेख कापून खिशात ठेवतो आणि त्याच्या भरवशावर पैसे मोजतो. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल काटछाट करा, पण दागिन्यांच्या फोटोंबद्दल लिहिलंय तेवढं गाळू नका.

लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: मामियाच्या सी मालिकेत सी-३३० हाच खरा कॅमेरा, सी-२२० ही शिकाऊ लोकांसाठी काढलेली कमी पैशांतली आवृत्ती, आणि ऐपत असेल त्याने सी-३३० एस मिळेपर्यंत थांबावं.

मी सांगते ते ऐकीव नाही. आमचा स्टुडिओ जेल रोडला होता आणि त्यात हे दोन्ही कॅमेरे एकाच वेळी कामाला होते. लग्नं, मुंजी, साखरपुडे हे, म्हणजे माझे यजमान, करायचे. यांच्या गळ्यात सी-३३०. स्टुडिओतली पोर्ट्रेट, सराफ्यातल्या पेढ्यांचे दागिने, माहेश्वरी साड्या आणि डोहाळजेवण, हळदीकुंकू असे बायकांचे समारंभ माझ्याकडे, माझा सी-२२०. लेन्सचा डबा मात्र दोघांत एकच होता. दुपारी जी १३५ मिमी माझ्या कॅमेऱ्यावर असायची, तीच संध्याकाळी यांच्या कॅमेऱ्यावर चढून लग्नघरी जायची. डार्करूम मीच सांभाळायची, त्यामुळे दोन्हींचे रोल माझ्याच हातून धुऊन निघायचे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ असो नाहीतर बाहेरची फिल्म असो, एनलार्जरमध्ये निगेटिव्ह लावल्यावर ते चित्र कुठल्या बॉडीतून आलं हे चित्र बघून सांगता येत नसे. मला नाही आणि यांनाही नाही.

असं का, हे लेखकाने सांगायला हवं होतं, कारण या कॅमेऱ्याचं सगळं मर्म त्यातच आहे. ट्विन लेन्स म्हटलं की आपल्याकडे रोलायकॉर्ड, रोलायफ्लेक्स नाहीतर यशिका डोळ्यांपुढे येते. त्यांच्या दोन्ही लेन्स बॉडीत कायमच्या बसवलेल्या. मामियाने १९५० च्या दशकात ही मालिका काढली ती लेन्सची जोडीच्या जोडी बदलता येईल अशी. वरची बघायची, खालची फोटो काढायची, आणि दोन्ही एकाच पाटीवर. बाजूची कळ फिरवली की आत एक झडप वर येऊन फिल्म झाकते, समोरची तार सोडली की पाटी हातात येते, दुसरी बसवायची. शटर त्या खालच्या लेन्समध्येच, एक सेकंदापासून १/५०० पर्यंत. ॲपर्चरही, म्हणजे उजेड आत सोडणारं लहान-मोठं होणारं भोकही, तिथेच. फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो तो याच शटरमुळे. मग बॉडीकडे काम उरलं काय? आत अंधार ठेवायचा, फिल्म सपाट धरायची, ती पुढे सरकवायची आणि लेन्स मागेपुढे करायची. ही चारही कामं सी-२२० तितकीच चोख करतो.

फिल्म सपाट धरण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते. रोलायच्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात फिल्म रोलरवरून काटकोनात वळते. रोल अर्धा वापरून कॅमेरा तसाच ठेवला तर त्या वळणावरच्या भागाला पोक येतो आणि पुढच्या फ्रेममध्ये फोकस थोडा मार खाऊ शकतो. मामियाच्या सी मालिकेत फिल्म खालच्या स्पूलवरून वरच्या स्पूलवर सरळ जाते. स्टुडिओत एकेक रोल रेंगाळायचाच. आज पासपोर्टचा एक फोटो, परवा एका आजोबांचा. आमच्या कामाला ही सरळ वाट फार उपयोगी होती. आणि ती दोन्ही कॅमेऱ्यांत सारखीच आहे.

आता मॉडेलांची वंशावळ. सी-२ आला १९५८ मध्ये, सी-३ १९६२ मध्ये, सी-३३ १९६५ मध्ये, सी-२२ त्याच्या पुढच्या वर्षी. मग १९६८ मध्ये सी-२२० आणि १९६९ मध्ये सी-३३०. पुढे दोघांच्याही सुधारलेल्या ‘एफ’ आवृत्त्या निघाल्या आणि १९८३ मध्ये सी-३३० एस. म्हणजे दोनाच्या आकड्याची एक शाखा आणि तीनाच्या आकड्याची दुसरी, अशा दोन शाखा बरोबरीने वाढल्या. हँडल फिरवताच शटर आपोआप चढणं ही सोय तीनाच्या शाखेत सी-३३ पासून आली. मालिका सुरू झाली ती हाताने शटर चढवायच्या साध्या कॅमेऱ्यानेच. काही उणं करून सी-२२० बनवलेला नाही. मूळचं साधेपण एका शाखेने जपलं आणि दुसरीने त्यावर सोयी चढवल्या, असं मी म्हणेन.

लेखातली पहिली चूक इथेच आहे. सी-३३० च्या लेन्स सी-२२० ला बसत नाहीत असं त्यात छापलंय. बसतात. रुंद ५५ आणि ६५, नेहमीची ८० मिमी, १०५, १३५, लांबची १८० आणि २५०, सगळ्या दोन्हींवर बसतात आणि दोन्हींवर चालतात. आमच्या डब्यातल्या लेन्सनी सारा जन्म दोन बॉडींवर जा-ये करण्यातच काढला. ही चूक मला सगळ्यात जास्त लागली, कारण ज्यांच्या घरात आजोबांचा सी-२२० पडून आहे ते हे वाचून त्याच्यासाठी लेन्स शोधायच्या भानगडीतच पडणार नाहीत.

दुसरी चूक पॅरॅलॅक्सबद्दलची, म्हणजे वरच्या लेन्समधून दिसतं आणि खालच्या लेन्समधून फिल्मवर येतं यातल्या फरकाबद्दलची. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी सी-३३० चं जे खरं मोठेपण आहे ते मोकळेपणाने सांगते, कारण ते आहेच.

लग्नाला सी-३३० च हवा. अंतरपाट धरलाय, शेवटचं मंगलाष्टक संपत आलंय, ‘सावधान’ म्हणताच अंतरपाट खाली जाणार आणि अक्षता उडणार. त्या दोन-चार क्षणांत जितके फोटो निघतील तितके काढायचे. सी-३३० मध्ये हँडल फिरवलं की फिल्म पुढे जाते आणि शटरही चढतं, दोन्ही एकदम. ज्या दुधी काचेवर चित्र दिसतं तिच्यावरून डोळा हलत नाही. सी-२२० मध्ये फिल्म पुढे न्यायची आणि मग लेन्सवरचा खटका वेगळा दाबायचा. तो दाबायला विसरलात तर तुम्ही बटण दाबलं, समोरची माणसं हसली आणि फोटो मात्र नाही. सप्तपदीच्या वेळी कुणी परत चालून दाखवत नाही. रोलवर फोटो बाराच, बारानंतर रोल बदलायचा, कमरेच्या उंचीवर काचेत डावं-उजवं उलटं दिसतंय, सनईवाले कानाशी, मामा लोक मध्ये उभे. अशा गर्दीत हाताचं एक काम कमी झालं तर तो मोठा आधार असतो. यांनी सी-३३० शिवाय दुसऱ्या कॅमेऱ्यावर कधी लग्न घेतलं नाही आणि ते बरोबरच होतं.

फक्त एक गोष्ट सी-३३० वाल्यांनी लक्षात ठेवावी. नुकताच फोटो काढलेली लेन्स उतरवून दुसरी बसवली आणि तिचं शटर चढलेलं नसलं, तर ते हातानेच चढवावं लागतं. आपोआप चढतं ते हँडल फिरवताना; लेन्स बदलताना नाही. लग्नात ८० काढून १३५ लावली की हे आधी खटका अंगठ्याने खाली करूनच मान वर करायचे.

आता दागिने, आणि पॅरॅलॅक्स.

सराफ्यातल्या पेढ्यांना ठुशी, तन्मणी, नथ, मोहनमाळ यांचे मोठे फोटो लागायचे, कधी दुकानात लावायला, कधी बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवायला. मामियाला पुढे भाता आहे, दीनदयाळांच्या काळातल्या लाकडी कॅमेऱ्यांना असायचा तसाच, फक्त लहान. त्यामुळे रोलायला जवळच्या फोटोसाठी वेगळ्या काचा चढवाव्या लागतात तशी गरज इथे पडत नाही. भाता बाहेर काढत जायचं आणि नथ जवळ येत जाते. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत उजेडाची. ८० मिमी लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या फोकसवर, असते त्यापेक्षा भाता ४० मिमी बाहेर आला तर फिल्मवर पडणारा उजेड सव्वादोन पटींनी घटतो, म्हणजे एका स्टॉपहून थोडा अधिक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं). ८० मिमी बाहेर आला असता तर चौपट, पुरे दोन स्टॉप. सी-३३० च्या काचेत एक सरकती पट्टी असते, ती भात्याबरोबर खाली उतरते आणि बाजूच्या आकड्यांवर दाखवते की उजेड किती वाढवायला हवा. मात्र कुठली लेन्स लावली आहे ते बाजूच्या चकतीवर ठरवून द्यावं लागतं. चकती ८० वर आणि लेन्स १३५ असली तर पट्टी खोटं सांगते. सी-२२० मध्ये ही सरकती पट्टी नाही. मी काय करायची? पुठ्ठ्यावर प्रत्येक लेन्सपुढे भात्याचं अंतर आणि वाढवायचे स्टॉप लिहून तो ट्रायपॉडला बांधला होता, आणि शिलाईच्या पेटीतली टेप खिशात. दागिना समोर शांत पडलाय, दिवे माझे, वेळ माझा. टेप लावून मोजायला किती वेळ लागतो?

दुसरी किंमत म्हणजे पॅरॅलॅक्स. बघायची लेन्स वर, फोटो काढायची खाली, मध्ये सुमारे पाच सेंटिमीटर. दहा फुटांवरच्या नवरा-नवरीला या पाच सेंटिमीटरने काही फरक पडत नाही. हातभर अंतरावरच्या नथीला पडतो. आपल्या लेखात म्हटलंय की सी-३३० हा दोष आपोआप दुरुस्त करतो. तो दुरुस्त करत नाही, दाखवतो. ती सरकती पट्टी सांगते की चित्राची वरची कड प्रत्यक्षात इथे कापली जाणार. तेवढंच. नथीचा वरचा मोती कापला जाणार नाही, हे तिच्यावरून कळतं. पण तुम्ही वरून बघताय आणि फिल्म खालून बघतेय, हा फरक पट्टीने जात नाही. वरच्या लेन्समधून नथीतला लाल खडा मोत्यांच्या मधोमध मोकळा दिसतो, आणि खालच्या लेन्समधून त्याच्यावर पुढचा मोती आलेला असतो. ठुशीत तर मणी असे दाटीने बसलेले असतात की जरा कोन बदलला की चकाकीच बदलते. सराफ हे सगळं पाहतो. त्याचा डोळा आपल्याहून तयार असतो.

याला उपाय एकच, आणि तो मामियानेच करून ठेवलाय. पॅरामेंडर नावाचं एक उपकरण ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसतं. फोकस करायचा, चित्र जुळवायचं, मग त्याचा दांडा हलवून कॅमेरा बरोबर त्या पाच सेंटिमीटरांनी वर उचलायचा. आता खालची लेन्स नेमकी तिथे आली जिथून तुमची नजर बघत होती. मग बटण दाबायचं. चित्रात जे पाहिलं तेच येतं, मोत्यासकट आणि सावलीसकट. पॅरामेंडर लावल्यावर सी-३३० च्या पट्टीचं कड दाखवण्याचं काम उरत नाही. उरतो तो उजेडाचा आकडा, आणि तो माझ्या पुठ्ठ्यावर होता. तेव्हा ज्या कामासाठी आपला लेख सी-३३० सुचवतो त्याच कामात सी-२२० त्याच्या बरोबरीचा ठरतो. माझ्या मते काकणभर सरसच, कारण प्रत्येक फोटोला हाताने शटर चढवण्याने हात आपोआप सावकाश होतो आणि दागिन्याच्या कामाला सावकाशीच लागते. एकाच फ्रेमवर दोनदा उजेड द्यायचा असला, एकदा दिव्याचा आणि एकदा फ्लॅशचा, तर दुहेरी फोटोची कळ लावून, फिल्म जागच्या जागी ठेवून शटर पुन्हा चढवायचं, काम झालं.

पोर्ट्रेटचं तसंच. समोर बसलेल्या माणसाला आपण घाईत आहोत असं वाटता कामा नये. खटका दाबायला हात पुढे गेला की माझ्या समोरची म्हातारी माणसं ‘आता काढणार’ म्हणून ताठ व्हायची. मी बोलत राहायची, आणि ती पुन्हा सैल झाली की बटण दाबायची. माझी आवडती लेन्स १३५. १८० चेहरा फार सुंदर देते, पण तिला मागे जागा लागते आणि आमची खोली तेवढी लांब नव्हती. १०५ डीएस ही आणखी एक गुणी लेन्स; तिच्या वरच्या, बघायच्या लेन्समध्येही ॲपर्चर आहे, त्यामुळे फोकस किती खोलवर टिकणार ते काचेवर आधीच दिसतं. बाकीच्या लेन्समध्ये ते अंदाजाने ठरवावं लागतं.

इमारतींच्या बाबतीत मात्र सी-३३० ला माझा कौल. त्याची दुधी काच बदलता येते आणि आडव्या-उभ्या रेघांची जाळी असलेली काच लावता येते. सी-२२० ची काच बदलता येत नाही. राजवाड्यासारख्या सात मजली इमारतीपुढे, जिथे खाली दगडाचे आणि वर लाकडाचे मजले उभे आहेत, तिथे कॅमेरा तसूभर कलला तरी सगळं पडल्यासारखं दिसतं. जाळीची काच असली की खांब सरळ धरता येतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरच्या कोरीव कामालाही तेच. ही एक सोय माझ्या कॅमेऱ्यात असावी असं मला नेहमी वाटायचं. उलट दिवसभर पायी हिंडायचं असेल तर ८० मिमी लावलेला सी-२२० साधारण पाव किलोने हलका पडतो, आणि गळ्याला तो पाव किलो संध्याकाळपर्यंत बराच कळतो.

सी-३३० एस बद्दल फार लिहीत नाही. चांगला कॅमेरा आहे, ‘एफ’ पेक्षा हलका केलेला. पण त्याच्यापुढे लागणारी लेन्स तीच. नव्वदच्या दशकात ही सगळी मालिका थांबली, त्यामुळे एस हा त्या घराण्यातला शेवटचा, आणि शेवटचा म्हणून विकणारे त्याचा भाव चढवून सांगतात. त्या जास्तीच्या पैशात एक चांगली जुनी लेन्स येते, एवढं ध्यानात घ्या.

हे सगळं मला लिहावंसं वाटलं त्याला कारण घडलं. आमच्या शेजारची एक मुलगी कॉलेजात शिकते. तिला तिच्या आजोबांचा सी-२२० मिळालाय, ८० मिमी एफ २.८ सकट, आणि ती त्याच्यावर जीव लावून काम करते. आपला लेख घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, “आजी, हा विकते आणि थोडे पैसे घालून ३३० एस घेते. हा कमी दर्जाचा आहे असं पेपरात आलंय.” पेपरात आलंय, हेच तिचं प्रमाण. तिने काढलेले फोटो मी बघितले होते. वाड्यांच्या चौकातल्या बायका, सोवळ्याची आजी, तुळशीपाशी पडलेलं ऊन. सगळं ट्रायपॉडवर, सगळं सावकाश. तिच्या कामाला सी-३३० मधली एकही सोय लागत नाही. मी तिला सांगितलं, कॅमेरा ठेव, आणि जे पैसे घालणार होतीस त्याची १३५ घे. ती आता लेन्सच्या शोधात आहे. पण शहरात असे आणखी किती जण असतील ज्यांच्या शेजारी विचारायला कुणी नाही, त्यांचं काय?

म्हणून लेखात राहून गेलेलंही सांगते. जुना मामिया घेताना बॉडीवर वेळ घालवू नका, लेन्सवर घालवा. शटर लेन्समध्ये आहे, म्हणजे जे बिघडतं ते बहुतेक लेन्समध्येच बिघडतं. एका सेकंदावर लावून कानाने ऐका; घरघर एकसारखी चालली पाहिजे, मध्ये अडखळली तर तेल सुकलंय. चंदेरी शटरच्या जुन्या लेन्सपेक्षा काळ्या शटरच्या घ्या. ८० मिमी एफ २.८ मध्ये शटर चढवायच्या खटक्यावर निळा ठिपका असलेली मिळाली तर ती नंतरच्या काळातली समजा. लेन्स डोळ्यापुढे धरून मागून टॉर्च मारा. आपल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे धरतात आणि ते काचेच्या लेपात मुरले की निघत नाहीत. वरची लेन्स आणि खालची लेन्स एकमेकींशी जुळलेल्या आहेत का, हेही बघा. मागचं दार उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून धरा, शटर बी वर, म्हणजे बटण दाबून धरलं तेवढा वेळ, उघडं ठेवा, आणि वरच्या काचेत जे फोकसमध्ये आहे ते कागदावरही फोकसमध्ये आहे का ते पाहा. मध्ये कुणी लेन्स उघडून नीट बसवली नसेल तर इथे लगेच पकडलं जातं.

बॉडीचं तपासायचं थोडंच. अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण बाहेर काढून आतून टॉर्च फिरवा. कोपऱ्यांतून चांदण्या चमकल्या तर भोकं आहेत. दाराच्या कडांचा स्पंज चिकट झाला असेल तर तो बदलून घ्या, महाग काम नाही. फिल्मच्या मागची दाबपट्टी १२० वर फिरवलेली आहे ना, ते पाहा. दोन्ही कॅमेरे १२० आणि २२० दोन्ही रोल घेतात आणि पट्टी चुकीच्या बाजूला राहिलेली असते. बटण दाबलं जात नसेल तर घाबरू नका, लेन्स सोडवायची कळ उघडी राहिलेली असेल. ती बंद केल्याशिवाय बटण चालतच नाही. लेन्सवर एम आणि एक्स अशी छोटी दांडी असते. ती एक्सवर ठेवा. एम जुन्या फ्लॅश बल्बसाठी आहे. आजचा फ्लॅश एमवर लावला तर त्याचा उजेड फिल्मपर्यंत पोचतच नाही. सी-३३० घेत असाल तर आणखी एक तपासा: तुमची स्वतःची लेन्स लावून, हँडल फिरवून शटर प्रत्येक वेळी पूर्ण चढतं का. तो दांडा झिजलेला असेल तर ज्या सोयीसाठी जास्त पैसे दिलेत तीच गेली, आणि हे कॅमेरे उघडून नीट करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

लेखाच्या शेवटी म्हटलंय की पुढचा भाग मामियाच्याच आरबी-६७ वर येणार आहे. त्याची मी वाट बघते. त्या भागाच्या सुरुवातीला दोन दुरुस्त्या ठळक छापाव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे: लेन्स दोन्ही बॉडींना त्याच बसतात, आणि सी-३३० पॅरॅलॅक्स दाखवतो, घालवत नाही. दिवाळीच्या खरेदीला लोक आता निघतीलच, आणि विकणारेही आपलं कात्रण पुढे करून सी-३३० चा भाव सांगतील. तेव्हा हे काम दिवाळीच्या आधी व्हावं.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त स्टुडिओ छायाचित्रकार,
रामबाग, इंदूर